वार आधी, वाट मागाहून : मुंबई पायी पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मुंबई पायी बघायला निघालेला नवखा माणूस आधी नकाशा उघडतो, दोन ठिकाणांमधले अंतर मोजतो आणि तिथेच चुकतो. मस्जिद स्टेशन ते चर्नी रोड हे अंतर सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आसपास. मोबाईल म्हणतो, पाऊण तास पुरे. प्रत्यक्षात चार तास सहज जातात. तीच वाट रविवारी दुपारी धरलीत तर दीड तासात संपेल, कारण निम्म्या बाजाराची शटरे खाली असतील आणि पाहायला फारसे काही उरणार नाही. या शहरातल्या प्रत्येक वस्तीचे घड्याळ वेगळे चालते. कुठे जायचे हे मागाहून ठरवा. कोणत्या वारी, किती वाजता, हे आधी.

वारांचे गणित

शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन या वेळात डोंगरी, भेंडी बाजार, मोहम्मद अली रोड हा भाग टाळा. जुम्म्याच्या नमाजासाठी रस्ते भरलेले असतात आणि आपण नुसते पाहायला गेलेले लोक त्यात अडथळाच ठरतो. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानेही शुक्रवारी बंद असतात. मात्र त्याच दिवशी भल्या पहाटे तिथे रस्त्यावर जुन्यापान्या सामानाचा बाजार भरतो. तो बघायचा तर उजाडण्याआधी पोचायला हवे.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यू लोकांचा शब्बाथ असतो. त्या वेळात सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालते, तेव्हा पाहुणे म्हणून जाऊ नये. रविवारी मंगळदास मार्केट, झवेरी बाजार आणि घाऊक बाजारपेठा बंद. उलट फोर्टचे रस्ते मोकळे असतात आणि इमारतींकडे मान वर करून बघता येते. सोमवारी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी बंद. बुधवारी राणीची बाग आणि तिच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. बुधवारीच माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये नोव्हेना असते. १९४८ पासून चालत आलेल्या या प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक दिवसभर रांगा लावतात, म्हणून गर्दी बघायची असेल तर बुधवार, वास्तू बघायची असेल तर दुसरा कोणताही दिवस. माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यात गुरुवारी रीघ असते. हाजी अलीला वार बघून भागत नाही, तिथे भरतीची वेळ बघावी लागते. दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते आणि पाणी उतरेपर्यंत माणूस आत अडकतो.

रविवारी निघणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी वाचा. मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत दुरुस्तीची कामे चालतात. एखाद्या मार्गावर लोकल बंद असते, तर कुठे ती तुमच्या स्टेशनवर थांबत नाही. इतर दिवशी सकाळी साडेआठ ते साडेदहा या वेळात दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाठीवर पिशवी घेऊन शिरू नका. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाल्यामुळे हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव इथे थेट जमिनीखालून वर येता येते. नवख्यांना हे फार सोयीचे झाले आहे.

ऋतूचे म्हणाल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात दुपारी अकरानंतर उघड्यावर चालू नका. घामाने अंगातले पाणी जाते आणि डोके धरते, मग तो दिवस वाया. पावसाळ्यात महापालिकेचे भरतीचे वेळापत्रक बघा. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाट नसते, ते सखल भागात साचते. अशा पाण्यातून चालू नये. खाली गटाराचे झाकण जागेवर आहे की नाही हे वरून दिसत नाही. थांबा, उंचवट्यावरच्या दुकानात चहा घ्या. ओहोटी लागली की पाणी बहुधा उतरते.

पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव

मुंबईत रस्त्याला दोन नावे असतात. पाटीवर शामळदास गांधी मार्ग, लोकांच्या तोंडी प्रिन्सेस स्ट्रीट. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडी लॅमिंग्टन रोड. पाटीवर जगन्नाथ शंकरशेट मार्ग, तोंडी गिरगाव रोड. पाटीवर पेरीन नरिमन स्ट्रीट, तोंडी बाजारगेट. मोबाईलमध्ये पाटीवरचे नाव टाका, माणसाला विचारताना जुने नाव घ्या. हे उलटे केले की पानवाला खांदे उडवतो आणि आपण समजतो की त्याला माहीत नाही.

वस्तीच्या नावातच तिचा इतिहास असतो. वाडी म्हणजे मूळची बाग: फणसवाडी, केळेवाडी. पाखाडी म्हणजे फरसबंदी किंवा पायऱ्यांच्या वाटेची जुनी वसाहत. गावठाण दिसले की समजा, शहर येण्याआधी इथे गाव होते. तलाव किंवा टँक दिसला की पाणी शोधू नका. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक हे सगळे केव्हाच बुजवले गेले, नावे राहिली. चिंच बंदरात चिंचा होत्या. भेंडी बाजाराचे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले की क्रॉफर्ड मार्केटच्या ‘मागचा बाजार’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून, यावर मुंबईकरांचे आजही एकमत नाही.

सोबत काय घ्यावे

पायांत मऊ तळाचे, झटकन निघणारे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल हवी. दिवसभरात चार-पाचदा पादत्राणे काढावी लागतात आणि लेस बांधत बसलेला माणूस देवळाच्या दारात गर्दी अडवतो. नुसत्या चपला नकोत, ओल्या फरशीवर घसरतात. एक लिटर पाणी, डोके झाकायला मोठा रुमाल किंवा ओढणी (दर्गा आणि सिनेगॉग दोन्हीकडे लागते), गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे, मूळ ओळखपत्र, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. पैसे मोबाईलवरून सगळीकडे देता येतात, पण देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईंसाठी सुटे ठेवा. पिशवी एकच आणि पोटाशी.

चार-पाच जणांहून मोठा गट नको. अरुंद गल्लीत पंधरा जण थांबले की ती तुंबते, मागचा हमाल ओरडतो, आणि तो बरोबरच असतो. स्वच्छतागृहाचा विचार निघण्याआधी करा, विशेषतः बायकांनी. स्टेशन, संग्रहालय आणि बसून खायचे उपाहारगृह हे तीन भरवशाचे मुक्काम, त्यांच्याभोवती वाट आखा. भुलेश्वरात शिरल्यावर शोधाशोध करू नये.

पहिल्या दिवशी हात बसवायला: फोर्ट

रविवारी सकाळी सात वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर उभे राहा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली. डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौकाकडे चाला, तिथून सेंट थॉमस कॅथीड्रल. हे १७१८ सालचे. इंग्रजांच्या जुन्या किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे उघडे तो चर्चगेट. तट १८६०च्या दशकात पाडला, नाव स्टेशनला चिकटले. बाजारगेटच्या बाजूला १७०९ सालची बनाजी लिमजी अग्यारी आहे आणि चर्चगेटजवळ १७२५ सालची भिखा बेहराम विहीर. दोन्ही ठिकाणी पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. बाहेरूनच बघायचे, दारातल्या माणसाशी हुज्जत घालायची नाही. काळा घोड्याला १८८४ सालचे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग लागते. शेवट ओव्हल मैदानावर. एका हाताला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर ही गॉथिक रांग, दुसऱ्या हाताला साठ-सत्तर वर्षांनंतरची आर्ट डेको घरे. मैदानाच्या दोन्ही कडांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन तास पुरतात, पदपथ रुंद आहेत, चुकायला वाव नाही.

खरी वाट: मस्जिद ते गिरगाव

बुधवार किंवा गुरुवार धरा. मंगळवारी मुंबादेवीला गर्दी असते. सकाळी साडेदहाला मस्जिद स्टेशनवर पोचा. लोकलची गर्दी ओसरलेली असते आणि दुकाने उघडत असतात. वळणे धरून चालणे साडेतीन-चार किलोमीटर, वेळ चार तास.

पहिला टप्पा. स्टेशनातून पश्चिमेकडे उतरा. पूर्वेला उतरलात तर दाणाबंदर आणि पी. डिमेलो रोडच्या ट्रकांत सापडाल. पश्चिमेला पाचएक मिनिटांवर सॅम्युअल स्ट्रीट आहे आणि तिथे ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग, १७९६ सालचे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर, या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याने ते बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटल्याची कृतज्ञता म्हणून बांधले असे सांगतात. मराठी वाचकाने इथे जरा थांबावे, कारण ही आपलीच माणसे आहेत. बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षे कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. त्यांची आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरची भाषा मराठी. नवस फेडताना गोड पोहे आणि फळांचा ‘मलिदा’ करतात. स्टेशनचे ‘मस्जिद’ हे नाव या प्रार्थनास्थळावरूनच आले असे मानले जाते. आत जायचे असेल तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र दाखवावे लागते. न विचारता फोटो काढू नका. परवानगी नसेल तर बाहेरून बघून पुढे निघा, दार वाजवत राहू नका.

दुसरा टप्पा. युसुफ मेहेरअली रोडने पश्चिमेकडे. वाटेत झकेरिया मशीद लागते. इथे पहिल्यांदा हातगाडीशी गाठ पडते आणि तिचे नियम शिकून घ्यावे लागतात. तीन-चार माणसे मिळून ढकलत असलेली ती लाकडी गाडी भरलेली असली की चटकन थांबू शकत नाही, ब्रेक नसतो, आणि मागून ढकलणाऱ्याला मालाच्या ढिगामुळे समोरचे धड दिसत नाही. ‘बाजू, बाजू’ किंवा नुसता तोंडाने काढलेला ‘श्श्श’ असा आवाज आला की मागे वळून बघू नका. आधी बाजूला व्हा. भिंतीला चिकटू नका, दुकानाच्या पायरीवर चढा, कारण गाडीचे टोक वळताना भिंतीकडे येते. डोक्यावर गठ्ठा घेतलेल्या हमालाला कधीही थांबवू नका. एकदा तोल बसला की त्याला चालत राहावे लागते. वाट विचारायची तर रिकाम्या हाताने परतणाऱ्याला विचारा.

तिसरा टप्पा, पायधुणी. बेटांमधल्या खाडीचे पाणी ओलांडून आलेले लोक इथे पाय धूत, म्हणून हे नाव. आता खाडी नाही, पण एका चौकाच्या भोवती गोडीजी पार्श्वनाथाचे जैन मंदिर, मशिदी आणि पलीकडे मुंबादेवी अशी दाटी आहे. ज्यांच्याकडे तासभर जास्त आहे त्यांनी इथून उत्तरेला इमामवाड्याकडे जाऊन इराणी व्यापाऱ्यांनी बांधलेली मुघल मशीद बाहेरून तरी बघावी. १८६०च्या या मशिदीला घुमट नाही आणि दर्शनी भिंतीवर निळ्या फरश्यांची नक्षी आहे. मुंबईतल्या बाकी मशिदींत ती वेगळी उठून दिसते.

चौथा टप्पा, मुंबादेवी आणि तांबाकाटा. देवळाच्या दिशेने वळलात की झवेरी बाजार लागतो. इथे मोबाईल वर करून शूटिंग करू नका. साध्या पिशवीतून सोने नेणारी माणसे शेजारून चाललेली असतात, पहारेकरी हटकतात, आणि ते त्यांचे कामच आहे. सकाळी गटाराकाठची माती घमेल्यात धुऊन सोन्याचे कण शोधणारी माणसे इथे दिसतात. देवळाशेजारच्या तांबाकाट्यात तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. घ्यायचे तर कल्हईचा भाव वेगळा आहे का ते आधी विचारा आणि वजन काट्यावर स्वतः बघा. मात्र जड भांडे घेऊन पुढचा दीड किलोमीटर चालायचा आहे हे विसरू नका; आवडलेच तर दुकानाचे कार्ड घ्या.

पाचवा टप्पा, काळबादेवी रोड ओलांडून भुलेश्वर. ओलांडताना सिग्नलवर विसंबू नका, घोळक्याबरोबर चाला. भुलेश्वरच्या फूलगल्लीत झेंडू, मोगरा, गुलाबाच्या पाकळ्या वजनावर. पायाखाली ओली पाने, म्हणून मघाशी बुटांचे सांगितले. इथे मोबाईलवरचा निळा ठिपका हमखास भरकटतो. चार-पाच मजली घरांमधून आकाशाची नुसती पट्टी दिसते, मग यंत्राला जागा कळत नाही आणि ते तुम्हाला शेजारच्या गल्लीत दाखवते. ‘पांजरापोळ’ एवढाच शब्द लक्षात ठेवा आणि विचारत जा.

बॉम्बे पांजरापोळ १८३४ साली सुरू झाला. सर जमशेटजी जिजीभॉय हे पारशी आणि अमीचंद शहा हे जैन व्यापारी, दोघांनी मिळून भटक्या व जायबंदी जनावरांसाठी काढला. बाहेरच्या गजबजाटातून आत पाऊल टाकले की शेणाचा, ओल्या चाऱ्याचा वास येतो आणि शेकडो गायी रवंथ करत उभ्या दिसतात, तेही मुंबईच्या सगळ्यांत दाट बाजाराच्या पोटात. चाऱ्याची पेंढी तिथेच विकत मिळते. घरून आणलेली पोळी, भात, ब्रेड खाऊ घालू नका, जनावरांना पोटफुगी होते. पलीकडे माधवबाग, लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या त्या अंगणात दहा मिनिटे टेका. वाटेवरची बसायला मिळणारी ही पहिली खरी जागा.

सहावा टप्पा. सी. पी. टँकवरून खाडिलकर रोडने गिरगावात. हीच जुनी कांदेवाडी, लग्नपत्रिकांच्या दुकानांची. दुकानांकडे बघताना केशवजी नाईकांच्या चाळीचे दार सहज निसटते, तेव्हा विचारून जा. लोकमान्य टिळकांच्या हाकेनंतर १८९३ सालापासून इथे सार्वजनिक गणपती बसतो. भाषा आता गुजरातीकडून मराठीकडे वळलेली कानाला कळते. पाटीवर उपवासाचे पदार्थ, पन्हे, पीयूष. दुपारचे दोन वाजत आलेले असतात. ठाकूरद्वारच्या आसपास मिसळ खा. तिखटाची सवय नसेल तर तर्री वेगळी मागा.

सातवा आणि शेवटचा टप्पा, खोताची वाडी. गिरगाव रोडवरच्या सेंट तेरेसा चर्चच्या समोरच्या अंगाला हिचे तोंड आहे. वाडीला खोताचे नाव, घरे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. ईस्ट इंडियन म्हणजे उत्तर कोकणातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिश्चन. गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिश्चनांपासून वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ साली त्यांनी हे नाव घेतले. त्यांचा बाटलीत ठासून भरलेला ‘बॉटल मसाला’ उन्हाळ्यात वर्षभराचा करून ठेवतात. घरांकडे बघताना खालून वर बघा: रस्त्याला चिकटलेला ओटा, बाहेरून चढणारा लाकडी जिना, कौलांच्या कडेला जाळीसारखी कापलेली फळी, आणि वळणावर झेंडूची माळ घातलेला क्रूस. शेजारीच टॉवर उभे आहेत, म्हणून ही वाडी बघायची तर लवकर बघावी हे आम्ही कळकळीने सांगतो.

पण ही राहती घरे आहेत. ओट्यावर बसू नका, खिडकीतून आत कॅमेरा रोखू नका, आवाज खाली. दुपारी एक ते चार ही इथल्या म्हाताऱ्या माणसांची झोपेची वेळ असते. वीस मिनिटांत बघून बाहेर पडा. समोर आजी दिसल्या तर मराठीतच बोला. बहुतेकदा उत्तर मराठीतच येते. तिथून दहा मिनिटांत चर्नी रोड स्टेशन, किंवा गिरगाव चौपाटीची वाळू.

आणखी तीन वाटा, थोडक्यात

भायखळा ते डॉकयार्ड रोड. शनिवारी सकाळी साडेनऊला सुरुवात. १८७२ साली उघडलेले भाऊ दाजी लाड संग्रहालय, मग ग्लोरिया चर्च, मग माझगावची म्हातारपाखाडी. लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा याच पाखाडीचे. जवळच नवाब टँक रोडवर ‘सी यूप कून’ हे १९१९ सालचे चिनी देऊळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या चिनी खलाशांच्या वस्तीची ती उरलेली खूण. ते देऊळ चटकन सापडत नाही, शेजारी विचारा आणि दार उघडणाऱ्यांच्या सोयीने घ्या. शेवटी जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान चढा. हे पाण्याच्या टाकीवर, टेकडीवर आहे आणि तिथून सगळी गोदी दिसते.

माटुंगा ते पारशी कॉलनी. ही सकाळी सातची वाट आणि सोमवार टाळून, कारण इथली काही नावाजलेली उपाहारगृहे सोमवारी बंद असतात. आस्तिक समाजाच्या देवळाबाहेर तमिळ पद्धतीने घट्ट गुंफलेले मोगऱ्याचे गजरे हातांवर मोजून विकतात. फिल्टर कॉफी आणि इडली खाऊन दक्षिणेला फाइव्ह गार्डन्सकडे चाला. बागांच्या भोवतालची दादर पारशी कॉलनी सावलीची आहे, म्हणून मार्च-एप्रिलमध्येही जमते.

रमजानमधला मोहम्मद अली रोड. पहिल्या पंधरवड्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शेवटच्या शनिवार-रविवारी मिनारा मशिदीपाशी पाय ठेवायला जागा नसते. रोजा सुटल्यावर तासाभराने पोचा, आधी नको. दिवसभर उपाशी असलेल्या माणसांना पहिला घास निवांत घेऊ द्यावा. चौघांत एक ताट घेत जा, नाहीतर पहिल्याच नल्ली निहारीत पोट भरते आणि मालपुवा, मातीच्या सकोऱ्यातली फिरनी राहून जाते. गाडी नेऊ नका.

झाडांखालच्या वाटा

हातात दोनच तास असतील तर मलबार हिल. बाणगंगेच्या पायऱ्यांपासून सुरुवात करून वर कमला नेहरू उद्यानाकडे जा. त्याच भागात २०२५ साली ४८५ मीटर लांबीचा लाकडी उन्नत मार्ग खुला झाला आहे. तो झाडांच्या शेंड्यांजवळून जातो. प्रवेशाची वेळ ऑनलाइन नोंदवावी लागते. सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी गेलात तर परतावे लागेल.

अख्खा दिवस असेल तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०० चौरस किलोमीटरचे जंगल. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर, डांबरी रस्त्याने. सकाळी दरवाजा उघडताच निघा, दीड-पावणेदोन तासांत पोचाल. थकलात तर परतताना उद्यानाची बस आहे. आतल्या शिलोंडासारख्या पायवाटांवर परवानगी आणि वाटाड्याशिवाय जायचे नाही. हा बिबट्यांचा टापू आहे. एकट्याने मागे रेंगाळू नये, मुलांना गटाच्या मध्ये चालवावे आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावे.

लोक इथे सर्वांत जास्त चुकतात ते माकडांच्या बाबतीत. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. खाणे पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर डबा उघडू नका. माकडाने पिशवी पकडली तर ओढाताण न करता सोडून द्या. चावा लागला तर त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी लागते.

लेण्यांचे तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळे. आत शंभराहून अधिक लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. क्रमांक ३ चा चैत्य बघा, मग ११ क्रमांकाचे दरबार लेणे, मग ४१ मधला अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर. चढताना पायऱ्यांशेजारी खडकात खोदलेले पन्हाळ आणि लेण्यांच्या दाराशी असलेल्या पोढी, म्हणजे पाण्याच्या टाक्या, बघत चला. पावसाचे पाणी डोंगरभर साठवण्याची ही व्यवस्था भिक्षूंनी केली. पावसाळ्यात याच पन्हाळांवर शेवाळ धरते आणि इथले बरेच अपघात तिथे पाय ठेवल्यामुळे होतात.

दम उरला असेल तर ९० क्रमांकापर्यंत चढा. तिथल्या खांबांवर आणि भिंतीवर पहलवी लिपीत कोरलेली नावे आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधली. लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली आणि सोबत्यांची नावे तारखेसकट नोंदवून ठेवली आहेत. अक्षरे बारीक आहेत, चटकन दिसत नाहीत. भर उजेडात टॉर्च समोरून मारण्याऐवजी बाजूने तिरपा धरा, म्हणजे खाचांत सावली पडून ओळी उठून येतात. हात लावू नका. आणि चार वाजायच्या आत उतरायला लागा. शेवटची बस भरलेली मिळाली तर दरवाजापर्यंतचे सहा-सात किलोमीटर पुन्हा पायीच आहेत.